पहिली दोरी कोणी ओढायची

जामनेर,
१६ जानेवारी २०२६

ती. गेंदाअक्कास,

रोहिदासचा शिरसाष्टांग नमस्कार. तिळगूळ डब्यात आहे, डबा मशीनच्या खोक्यात आहे आणि खोकं जितेंद्रच्या टेम्पोत आहे. टेम्पो नरडाण्याला माल उतरवून मग तुझ्याकडे सोनतळ्याला येईल. सगळं पोचलं तर तुझ्या भाच्याचं कौतुक कर. नाही पोचलं तर नेहमीप्रमाणे मला बोल.

तू सांगितलंस की मशीनची माहिती फोनवर नको, लिहून पाठव. ते पटलं. फोनवर माझ्यामागे ग्राइंडर ओरडतो, तुझ्यामागे शेळ्या ओरडतात, आणि मी मधे काय सांगितलं ते मलाही आठवत नाही. कागद असला की तुमच्या बायकांच्या गटातली सुनिता तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवेल, मग शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवाल. माझं लिहिलेलं कुणी टांगून ठेवण्याची ही पहिलीच वेळ. तुझी भावजय सारिका म्हणाली, कागदापेक्षा माणूसच टांगा, म्हणजे दुकानातले नट आवळायचे पाने तरी जागेवर राहतील.

अक्का, दाजी गेल्यावर तू घरात बसशील असं सगळ्यांना वाटलं होतं, मलाही वाटलं होतं. तू भाऊबीजेला आलीस, ओवाळलंस आणि म्हणालीस की ओवाळणीत साडी नको, मशीन दे. मग आठवडाभर माझ्या दुकानात गोणपाटावर बसून चेनसॉ खोलायला आणि जोडायला शिकलीस. गिऱ्हाइकं मला सोडून तुलाच विचारायला लागली तेव्हा मी चहा आणायला जायचो. आता ग्रामपंचायतीने बंधाऱ्यावरची वेडी बाभूळ तोडायचं काम तुमच्या गटाला दिलंय आणि होळीपर्यंत झालं नाही तर जेसीबीवाल्याला देणार म्हणतायत. तेव्हा हे मशीन वेळेवर चाललं पाहिजे. जुनं आहे, पण मी स्वतः उघडून साफ केलंय.

आता कामाचं. साधं पेट्रोल कधीच टाकायचं नाही. लिटरभर पेट्रोलमध्ये चाळीस मिली टू-टी ऑइल, आणि आधी कॅनमध्ये हलवून मगच टाकीत. चेनच्या ऑइलची टाकी वेगळी आहे, दोन्ही झाकणांची अदलाबदल करू नका. माझ्याकडून एकदा झाली आहे, ते मशीन आजही माझ्याकडे पाहून धूर सोडतं. चेन थंड असताना ताणायची. ती फिरते त्या पट्टीच्या मधोमध बोटाने उचलून पाहावी, थोडी उचलली जावी पण खाचेतून बाहेर येऊ नये. पट्टीच्या टोकाने कधी कापू नका, मशीन उलटून अंगावर येतं. बुंधा जमिनीला टेकून कापायला जाल तर माती लागून चेन बोथट होईल, म्हणून आधी फावड्याने माती सारा. खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही, फांदी कितीही जवळ वाटली तरी.

बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, म्हणून बूट पाठवले आहेत. दीपचंदशेठच्या दुकानात बायकांच्या मापाचे मिळाले नाहीत. शेठ म्हणाले, बायका बूट घालून लाकूड तोडतात हे कंपनीला अजून कळलेलं नाही. पुढे कापड कोंबून घाला. साडीवर घरातला जुना फुलबाह्यांचा सदरा घालायचा आणि पदर आत खोचायचा. चष्मा डोळ्यांवर हवा, कपाळावर नव्हे. हे मी सांगतोय खरं, पण दुकानात माझा चष्मा कायम कपाळावरच असतो आणि डोळ्यात कण गेला की सारिकापुढे डोळा धरून उभा राहतो.

एअर फिल्टर मी माझ्या हाताने धुऊन, वाळवून, स्क्रू घट्ट करून बसवला आहे. आठ दिवस त्याला हात लावू नका. मशीनचा श्वास आहे तो.

आणि पहिल्या दिवशी पूजा केल्याशिवाय सुरू करू नका. पाच सवाष्णींच्या हातून हळदकुंकू लावा, नारळ फोडा, मगच दोरी ओढा. लोखंडालाही मान द्यावा लागतो, आपल्या घरची रीत आहे.

बाकी क्षेम. माया आहे तशीच असू दे, आणि बुटांवरून हसणं झालं की पोच कळव.

तुझा,
रोहिदास


सोनतळे, ता. शिंदखेडा,
२४ जानेवारी २०२६

चि. रोहिदास यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तिळगूळ पोचला. सारिकाला सांग की पाक या वेळी बरोबर जमला होता, दात शाबूत आहेत. बूटही पोचले. गटातल्या चमेलीबाईने घालून पाहिले, दोन्ही पाय एकाच बुटात मावले, आणि तिने विचारलं की तुना भाऊ येडा शे का. मी सांगितलं की आहे, पण कामाचा आहे.

तुझं पत्र सुनिताने बंधाऱ्यावर मोठ्याने वाचलं. टू-टी ऑइलपासून चेनच्या ढिलाईपर्यंत बायका माना हलवत होत्या. चष्म्याच्या ठिकाणी तर तुझा डोळा धरून उभा राहण्याचा प्रकार दोनदा वाचून घेतला. पुढे पाच सवाष्णींचं आलं तिथे सुनिता अडखळली. मी म्हटलं, वाच, माझा भाऊ लिहितो ते विचार करूनच लिहितो.

मग पाचजणींनी पूजा केली. चमेलीबाई पुढे होती. मी पेट्रोलचा कॅन धरून मागे उभी राहिले. ऊन छान होतं. नारळ फोडला, वाटला. पण मशीन चालू करायचं तर ते माझ्याशिवाय कुणाला येतं? म्हणून मी पुढे आले, ब्रेक लावला, पाय ठेवला आणि दोरी ओढली. मशीन लागलं, दोन उचक्या दिल्या आणि बंद पडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तसंच. प्लग काढून पाहिला तर ओला आणि काळा. पुसून लावला, पुन्हा उचक्या आणि बंद.

चमेलीबाई म्हणाली की पूजा आम्ही केली तोवर बठ्ठं बरं व्हतं, पहिली दोरी तेवढी चुकीच्या हातानं ओढली गेली. ती वाईट बाई नाही. माझ्या बाळंतपणात तिनेच माझं पाणी भरलं आहे. तिला जे वाटलं ते बोलली. बाकीच्या कोयते उचलून कामाला लागल्या. सुनिता नंतर घरी आली आणि फार मऊ आवाजात म्हणाली की अक्का, काही दिवस तुम्ही कोयत्यांना धार लावून द्या, तेही महत्त्वाचं काम आहे. मी लावून देते. मशीनबरोबर पाठवलेली धारेची फाइल चांगली आहे तुझी.

सध्या बायका कुऱ्हाड आणि कोयत्याने तोडतायत. या गतीने होळीपर्यंत बंधाऱ्याचं एक टोकही मोकळं होणार नाही. ग्रामसेवक येऊन पाहून गेले.

आता नीट ऐक. तू येऊ नकोस. मला माहीत आहे, इथपर्यंत वाचून तू पिशवी भरायला उठला असशील. बस खाली. तू येऊन एका झटक्यात चालू केलंस तर गावात एवढंच उरेल की ते बाईचं काम नव्हतं, आणि या बाईचं तर नव्हतंच. फोनही करू नकोस. पहिलं तू कागदावर सांगितलंस ते सगळ्यांनी ऐकलं, आता बिघाडही कागदावरच सांग, सगळ्यांनी ऐकावा असा. पत्र जितेंद्रकडे दे, तो बंधाऱ्यावरूनच जातो. फक्त मशीनचं लिही. बाकी काही नको.

पोरांना पापा. तुमच्या सगळ्यांवर आहे ती माया पुरून उरो.

तुझी,
अक्का


जामनेर,
२८ जानेवारी २०२६

ती. गेंदाअक्कास आणि बंधाऱ्यावरच्या सर्व ताईंस,

रोहिदासचा नमस्कार. अक्का, पिशवी भरली होती. सारिकाने ती परत रिकामी केली. आता मी खाली बसलो आहे आणि लिहितो आहे.

आधी मशीनचं. प्लग ओला आणि काळा येतोय, याचा अर्थ पेट्रोल पोचतंय आणि हवा पोचत नाही. मशीन लागतं ते आत उरलेल्या हवेवर, ती संपली की गुदमरतं. दोरी कुणी ओढली याच्याशी काहीही संबंध नाही. चेनसॉला हात ओळखता येत नाहीत. येत असते तर माझ्या हाताला एकही चालू झालं नसतं, मी त्यांना रोज शिव्या देतो. वरचं झाकण उघडा, एअर फिल्टर काढून पाहा. आठ दिवस हात लावू नका असं मी लिहिलं होतं, ते विसरा. नारळाचं पाणी उडालं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. हळद-कुंकू फिल्टरजवळ जाऊ देऊ नका, त्याची पूड आत ओढली जाते.

सुनिताताई, इथे वाचणं थांबव आणि कागद अक्काच्या हातात दे. पुढचं घरगुती आहे.

अक्का, तुझं पत्र मी दुकानात वाचलं, मग घरी सारिकाने वाचलं. वाचून तिने कागदाची नीट घडी घातली. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिने अशी घडी घातली असं फार क्वचित झालंय, आणि प्रत्येक वेळी चूक माझीच होती. जेवण वाढून झाल्यावर तिने फक्त विचारलं की त्या पाच सवाष्णींत तुमची बहीण कुठे बसते, याचा विचार केला होता का. केला नव्हता. आरती म्हणताना जसं तोंड चालू राहतं आणि मन दुकानात असतं, तसा माझा हात लिहीत गेला. रोज पहाटे हरिपाठ म्हणतो मी. त्यातलं आत किती जातं ते या एका ओळीवरून तुला कळलं असेल. तू मात्र मला वाचवायला म्हणालीस की माझा भाऊ विचार करून लिहितो. त्यापेक्षा चारजणींत माझा कान धरला असतास तर बरं होतं.

इथवर एक झालं. दुसरं याहून मोठं आहे आणि ते लिहिताना माझी टोपी डोळ्यांवर ओढून घ्यावीशी वाटतेय. सारिकाने मग विचारलं की सातपुड्यातल्या मनुदेवीहून आणलेला अंगारा अक्काला दिला होता, त्याबद्दल तिने काहीच कसं लिहिलं नाही. तिने ती पुडी तिळगुळाच्या डब्यात ठेवायला माझ्याकडे दिली होती. मी विचार केला की डबा एका दिवसात रिकामा होईल, मग पुडी कुठेतरी पडेल. मशीन मात्र रोज अक्काच्या हातात असणार. देवी मशीनच्या आतच बसली तर अक्काला काही इजा होणार नाही.

म्हणून मी ती पुडी झाकणाच्या आत, एअर फिल्टरवर ठेवली आणि स्क्रू घट्ट केला.

मशीनचा श्वास आहे, हात लावू नका, असं तुम्हाला लिहिणारा हाच माणूस. तालुक्यातले लोक धापा टाकणारी मशीनं माझ्याकडे आणतात आणि मी प्रत्येकाला ऐकवतो की फिल्टर तुंबवणारा माणूस मूर्ख असतो. परवा तर पहूरहून आलेल्या एका भल्या माणसाला हेच सांगताना मी बोट नाचवलं होतं.

देवीचा यात काही दोष नाही. तिला मी कोंडलं, ती तरी काय करणार.

अक्का, पाच सवाष्णींची ती ओळ त्या कागदावरून फाडून टाक. पहिली दोरी कोणी ओढायची हे मी आता सांगत नाही. माझ्या सांगण्याचा परिणाम पाहिला आहे. तुझं तू ठरव.

रागावली असलीस तरी चालेल, पण रागावल्याचं दोन ओळींत कळव. तेवढा लोभ मी मागू शकतो असं वाटतं.

तुझा,
रोहिदास


सोनतळे,
६ फेब्रुवारी २०२६

रा. रा. रोहिदासभाऊ यांस,

चमेलीबाईचा रामराम. मी सांगते आणि सुनिता लिहिते. अक्का स्वतः लिहिणार होती, पण ती बंधाऱ्यावर आहे आणि संध्याकाळी तिचे हात इतके थरथरतात की भाकरीसुद्धा वाकडी होते. मशीन जड आहे तुमचं.

भाऊ, तुमचं पत्र जितेंद्रने बंधाऱ्यावर दिलं तेव्हा अक्का तिथे नव्हतीच. तिने तुम्हाला लिहिलं असेल की ती धार लावते. खरी गोष्ट अशी की मशीन बंद पडल्यापासून तिने बंधाऱ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. कोयते घरी मागवायची आणि पोरांच्या हाती परत पाठवायची. तुमचे बूट तिने धुऊन, गोणीत बांधून दाराशी ठेवले होते, टेम्पो परत जाईल तेव्हा द्यायला. मला ते दिसत होतं. रोज तिच्या दारावरून जात होते मी. पण एकदा तोंडातून निघालेलं मागे कसं घ्यायचं ते मला सुचत नव्हतं.

सुनिताने पत्र वाचलं आणि तुम्ही थांब म्हणालात तिथे ती थांबली. सुनिता फार नियमाची आहे. मीच म्हटलं की पुढे वाच, घरगुती आहे म्हणजे आपल्याच कामाचं असणार. सुनिता म्हणते हे लिहू नका, मी म्हणते लिही. पुडीचं आलं तेव्हा सगळ्या इतक्या हसल्या की एक तर बाभळीच्या ढिगावर बसली आणि दुसऱ्या क्षणी उठली. पण त्याआधी तुम्ही बहिणीबद्दल जे लिहिलं होतं, ते वाचताना कुणी हसलं नाही. तुम्ही एक ओळ लिहून चुकलात भाऊ, मी तर तोंडावर बोलले होते.

मग आम्ही मशीन उचललं आणि सगळ्याजणी अक्काच्या दारी गेलो. मी तिला म्हटलं की चूक तुझ्या हाताची नव्हती, तुझा भाऊ खुळा आहे. ती म्हणाली की दोन्ही गोष्टी तिला आधीपासून माहीत होत्या.

तिने झाकण उघडलं. पुडी फिल्टरला अशी चिकटून बसली होती की नखाने काढावी लागली. मला एकदम वाटलं आणि मी बोलूनही गेले की देवीच आत बसेल व्हती, आम्ही अक्काला मागे उभं केलं म्हणून तिनेच मशीन चालू दिलं नाही. बाकीच्यांनाही ते पटलं, दोघींनी तर हात जोडले. मला वाटलं अक्काला बरं वाटेल. तर ती माझ्यावरच चिडली. म्हणाली की देवीला राहायला एवढा डोंगर आहे, ती या डब्यात कशाला येईल. हवा गेली नाही तर तू पण बंद पडशील, तेव्हा कुणाचा कोप म्हणायचा? तिला तिच्या बाजूची देवीसुद्धा नको होती, भाऊ. पुडी तिने तुळशीपाशी ठेवली, फिल्टर ब्रशने झाडला, प्लग पुसून लावला.

मी म्हटलं, अक्का, आता तू ओढ. ती म्हणाली, नाही, पूजा तू केली होतीस, मान तुझा. मी पाय ठेवला, ब्रेक पाहिला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. पुन्हा काही नाही. माझा सदरा घामाने चिकटला, बांगडी मोडली, पदर सुटला. अक्का समोर ओट्यावर बसून फाइल पुसत होती. शेवटी मी धापा टाकत खाली बसले, तेव्हा तिने विचारलं की चमेली, तुझ्या हाताला काय झालं? तू तर पाचांत पहिली होतीस.

सगळ्या माझ्या हाताकडे पाहायला लागल्या. मलाही वाटायला लागलं की माझ्यातच काही खोट आहे. मनातल्या मनात मी सगळे उपास मोजले, कोणता मोडला ते आठवू लागले. एवढ्यात ती उठली, खाली वाकली आणि मला दाखवलं की मशीनचं बटण बंद होतं. तिनेच बंद ठेवलं होतं. पहिल्यापासून.

भाऊ, मी रडले की नाही ते सुनिता लिहिणार नाही, मी तिला बजावलंय. अक्काने बटण सरकवलं आणि म्हणाली, ओढ आता. मशीन असं लागलं की आमच्या कोंबड्या अजून नीट अंडी देत नाहीत.

त्या दिवसापासून अक्का बंधाऱ्यावर आहे. तुमचे बूट कापड कोंबून तीच घालते. आम्हा प्रत्येकीकडून तिने झाकण उघडून बसवून घेतलं, चेन ताणून घेतली, आणि चुकलो की तुमचंच नाव घेते. म्हणते, रोहिदाससारखं करू नका. निम्मा बंधारा मोकळा झाला आहे, होळीच्या आधी होईल असं ग्रामसेवकच म्हणाले. जमलं तर पुढच्या वेळी लहान मापाचे बूट शोधा. दीपचंदशेठना सांगा की कंपनीला आता आम्हीच कळवू.

शेजारच्या गावच्या गटानेही मशीन घेतलं आहे. काल त्यांच्या बाया आल्या होत्या. उद्या त्यांचं पहिल्या दिवसाचं काम आहे आणि शिकवायला अक्काला बोलावलंय. अक्का सकाळी न्याहारी करून निघणार आहे. मी तिच्या आधीच निघते. पहिली दोरी कोणी ओढायची याबद्दल तिथल्या बायकांना मला काही सांगायचं आहे, आणि ते अक्का पोचायच्या आत सांगून झालं पाहिजे.

तुमच्या बहिणीवर जशी माया करता तशी थोडी आमच्यावरही असू द्या.

तुमची,
चमेलीबाई
(लिहिणार सुनिता)